एन-एट-एनचं सिक्युरिटी ऑडिट: गोव्यातला एक पावसाळा आणि एक सीझन वापरल्यावर

पेडणे तालुक्यातल्या काही गेस्ट हाउसचं बुकिंग, पावत्या, पाहुण्यांना जाणारे मेसेज आणि सी फॉर्मची तयारी आम्ही आमच्याच सर्व्हरवरच्या एन-एट-एनवर (n8n, कामं आपोआप करून घेण्याचं सॉफ्टवेअर) चालवतो. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, तोच सी फॉर्म. म्हणजे लोकांच्या पासपोर्टचे तपशील रोज या वर्कफ्लोंमधून (आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळ्यांमधून) जातात. ते जपणं हे माझं काम आहे, म्हणून एन-एट-एनमधलं सिक्युरिटी ऑडिट, म्हणजे सुरक्षेतल्या फटी दाखवणारी तपासणी, पावसाळ्यापासून नेमाने चालवत आले.

चालवायला सोपं आहे. सर्व्हरवर एक कमांड द्यायची, की क्रेडेन्शियल (इतर सेवांचे साठवलेले पासवर्ड आणि की), डेटाबेस, फाइल सिस्टीम, नोड (वर्कफ्लोतली एकेक पायरी) आणि इन्स्टन्स (आपलं चालू एन-एट-एन) अशा पाच भागांत अहवाल येतो. फुकटच्या सेल्फ-होस्टेड आवृत्तीतही मिळतो. एपीआयमधून (दुसऱ्या प्रोग्राममधून) किंवा वर्कफ्लोतल्या एन-एट-एन नोडमधूनही काढता येतो.

मला सगळ्यात उपयोगी पडला तो डेटाबेसचा भाग. एसक्यूएलच्या क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आदेशात) थेट एक्स्प्रेशन (आधीच्या पायरीतली माहिती आणून भरणारा तुकडा) घातलं असेल तर तो नोड नावानिशी दाखवतो. गोव्यात हा धोका पुस्तकी नाही. डिसोझा, डिकॉस्टा ही आडनावं रोमन लिपीत लिहिताना बरेच जण डी अक्षरानंतर वरचा स्वल्पविराम देतात. नाव तसंच क्वेरीत चिकटवलं की त्या चिन्हापाशी क्वेरी तुटते आणि बुकिंग अडकतं. ज्या फटीतून साधं आडनाव क्वेरी मोडतं, त्याच फटीतून एखादा हुशार माणूस आख्खं टेबल वाचू शकतो. क्वेरीत डॉलर-एक, डॉलर-दोन अशा जागा ठेवून नाव, तारीख अशी खरी माहिती क्वेरी पॅरामीटर्स या वेगळ्या रकान्यात दिली की दोन्ही प्रश्न सुटतात. अहवालात दिसलेले असे सगळे नोड आम्ही बदलून घेतले.

क्रेडेन्शियलचा भाग वाचताना मात्र इथलं कॅलेंडर डोक्यात ठेवा. वर्कफ्लो ९० दिवसांत चालला नसेल तर त्यातलं क्रेडेन्शियल अलीकडे न वापरलेलं, असं तो धरतो. किनाऱ्यावरची कितीतरी कामं जून ते सप्टेंबर बंदच असतात. ऑक्टोबरच्या तोंडावर अहवाल पाहून कुणी हौसेने सफाई केली, तर सीझनच्या पहिल्याच आठवड्यात पेमेंट बंद पडेल. हा आकडा बदलता येतो; आम्ही १८० ठेवला. उरलेली यादी रिसेप्शन सांभाळणाऱ्या ताईंसोबत बसून वाचली. कुठल्या पोर्टलशी व्यवहार संपलाय, हे त्यांना तोंडपाठ. ती क्रेडेन्शियल्स एन-एट-एनमधून काढलीच, शिवाय मूळ सेवेत जाऊन तिथल्या कीसुद्धा रद्द केल्या. हे दुसरं काम अहवाल तुमच्यासाठी करत नाही.

इन्स्टन्सच्या भागातली उघड्या वेबहुकची (बाहेरून माहिती घेणाऱ्या वेब पत्त्यांची) यादी चांगली आहे, पण तिच्यावर विसंबून राहू नका. ऑथेंटिकेशन (पाठवणाऱ्याची ओळख तपासणं) नसलेल्या वेबहुकला लागूनच इफ (अट तपासणारा) किंवा कोड नोड जोडला असेल, तर तपासणी होते आहे असं समजून तो यादीतून गळतो. इफमध्ये नेमकं काय तपासलं जातं, हे कुणी बघत नाही. फक्त तारीख रिकामी आहे का, एवढंच पाहणारा इफही चालून जातो. म्हणून प्रत्येक वेबहुक मी हाताने उघडून पाहते आणि हेडर ऑथ (विनंतीसोबत गुप्त की मागणारी तपासणी) लावते.

नोडच्या भागात गोंगाट फार. एचटीटीपी रिक्वेस्ट आणि कोड हे नोडसुद्धा धोकादायक म्हणून येतात, आणि त्यांच्याशिवाय कुणाचाच वर्कफ्लो होत नाही. तिथे मी कम्युनिटी नोड (बाहेरच्या लोकांनी बनवलेले) तेवढे बारकाईने पाहते.

आवृत्ती जुनी झाल्याची सूचना मात्र कधीच पुढे ढकलू नका. डिसेंबर २०२५ मध्ये, ऐन नाताळच्या गर्दीत, एक गंभीर त्रुटी जाहीर झाली: वर्कफ्लो बनवण्याची परवानगी असलेल्या माणसाला एक्स्प्रेशनमधून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. गेस्ट हाउस भरलेलं असताना अपडेट करायला कुणाचंच मन होत नाही, तरी त्याच रात्री बॅकअप घेऊन करून टाकावं.

माझी मोठी तक्रार वेगळी आहे. चाललेल्या वर्कफ्लोचा सगळा डेटा एक्झिक्युशनमध्ये (प्रत्येक वेळी चालल्याच्या नोंदीत) साठतो, मूळ सेटिंगनुसार ३३६ तास, म्हणजे १४ दिवस. पासपोर्ट नंबर तिथे उघडे वाचता येतात, आणि ऑडिट त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. सी फॉर्मच्या वर्कफ्लोत यशस्वी एक्झिक्युशन जतन करणं आम्ही बंद केलं. लॉगिन कोणाकोणाकडे आहे, हेही वेगळं पाहावं लागतं; सीझनपुरते आलेले कर्मचारी मार्चनंतर निघून जातात, त्यांची खाती तशीच राहतात.

आणखी एक सोय हवी होती: पाहिलेली ओळ 'मान्य' म्हणून बाजूला ठेवण्याची. ती नसल्यामुळे दर वेळी तोच लांबलचक अहवाल येतो. आम्ही त्यासाठी छोटा वर्कफ्लो बनवला. दर सोमवारी सकाळी तो ऑडिट काढतो, मागच्या सोमवारच्या अहवालाशी ताडून पाहतो आणि नव्याने आलेल्या ओळी तेवढ्या मेल करतो.