पॅकेट ट्रेसर: रेंज नसलेल्या गावातली नेटवर्किंगची प्रयोगशाळा

यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान तंत्रनिकेतनात मी संगणक नेटवर्किंग शिकवतो. आमचे बरेच विद्यार्थी घाटंजी, आर्णी आणि झरी-जामणी तालुक्यांतील गावांतून येतात आणि कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांतले काही महिनाभर फिरकत नाहीत. त्यांची प्रात्यक्षिके बुडू नयेत म्हणून गेल्या दोन सत्रांपासून आम्ही प्रयोगशाळेचा मोठा भाग त्यांच्या घरी नेला आहे. त्यासाठी वापरलेल्या साधनांविषयी, मुख्यतः सिस्को कंपनीच्या पॅकेट ट्रेसर या संगणकावरच नेटवर्कची नक्कल उभी करणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी, हा अभिप्राय आहे.

आधी आम्ही भाड्याने मिळणाऱ्या दूरस्थ रॅकचा प्रयोग केला. त्या सेवेचे नाव घेत नाही. खरे राउटर आणि स्विच शहरात ठेवलेले असतात आणि विद्यार्थ्याने ब्राउझरमधून त्यांच्या कन्सोलवर, म्हणजे कमांड देण्याच्या पडद्यावर, जायचे असते. कमांडचा मजकूर फारच थोडा डेटा खातो, त्यामुळे नेट मंद असले तरी काम भागते. मात्र नेट मंद असणे वेगळे आणि तुटणे वेगळे. दोन तासांची वेळ ठरवून घ्यायची, राउटरवर आधीच्या माणसाचाच पासवर्ड बसलेला सापडायचा, तो पुसून राउटर पुन्हा सुरू होईपर्यंत पाव तास जायचा आणि तेवढ्यात गावातली वीज जाऊन टॉवर बंद पडायचा. एका मुलाला रात्री दहा ते बाराची वेळ मिळाली, आणि त्या आठवड्यात त्यांच्या फीडरवर थ्री-फेजही रात्रीचीच होती. त्याने ओएसपीएफचा, म्हणजे राउटरनी आपसांत मार्ग ठरवण्याच्या पद्धतीचा, प्रयोग सोडून हरभऱ्याला पाणी दिले, आणि माझ्या मते योग्यच केले.

पॅकेट ट्रेसरला हा त्रास नाही, कारण तो विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवरच चालतो. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमी या शिक्षण उपक्रमाचे खाते काढले की तो विनामूल्य मिळतो. आम्ही तो कॉलेजमध्येच उतरवून घेतो, एकदा लॉगिन करून देतो आणि मग मुलांना घरी पाठवतो. त्यानंतर बरेच दिवस नेटशिवाय काम करता येते. प्रयोगाची फाइल इतकी लहान असते की गावाबाहेरच्या पुलावर दोन काड्या रेंज आली तरी ती व्हॉट्सअॅपवर जाते. ॲक्टिव्हिटी प्रकारची फाइल दिल्यास किती टक्के काम बरोबर झाले हे विद्यार्थ्याला लगेच दिसते, आणि फोनवरून ‘सर, बरोबर आहे का’ असे विचारणे पुष्कळ कमी होते.

त्याचे खरे बळ सिम्युलेशन मोडमध्ये आहे. राउटरवरून शेजारच्या संगणकाला पहिल्यांदा पिंग केले, म्हणजे तो उत्तर देतो का हे तपासले, की बहुधा आधी एक टिंब आणि मग चार उद्गारचिन्हे उमटतात, म्हणजे यश ८० टक्के. खऱ्या उपकरणावर मुले ते टिंब पाहतही नाहीत. इथे डेटाचे पाकीट (पॅकेट) एकेक पाऊल पुढे सरकवता येते, त्यामुळे आधी एआरपीची, म्हणजे समोरच्या संगणकाचा हार्डवेअर पत्ता शोधणारी, विचारणा निघते आणि तिचे उत्तर येईपर्यंत पहिले पिंग वाया जाते, हे डोळ्यांसमोर घडते. स्विचला तार जोडल्यावर सुमारे ३० सेकंद नारिंगी राहणारा ठिपका पाहून दरवर्षी कोणीतरी ‘स्विच बिघडला’ म्हणतोच. ती स्पॅनिंग-ट्रीची, म्हणजे तारांचे वर्तुळ होऊ न देणाऱ्या व्यवस्थेची, १५ अधिक १५ सेकंदांची प्रतीक्षा असते, आणि ती समजावून सांगायला हा ठिपका फळ्यावरच्या आकृतीपेक्षा बरा पडतो.

मर्यादाही स्पष्ट आहेत. ही उपकरणांची नक्कल असल्याने खऱ्या राउटरवरच्या सगळ्या कमांड इथे चालत नाहीत. जीएनएस३ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये राउटरची मूळ प्रणालीच चालवता येते, पण ती प्रणाली परवान्यासह मिळवावी लागते आणि रॅमही भरपूर लागते. आमच्या मुलांच्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर त्याचा विचारच नको.

आणि पॅकेट ट्रेसरमधली तार कधी खराब होत नाही. म्हणून आम्ही क्रिम्पिंग टूल (तारेला कनेक्टर दाबून बसवण्याचा चिमटा), टेस्टर, पाच मीटर कॅट-५ई प्रकारची नेटवर्कची तार आणि वीस कनेक्टर एका डब्यात भरून तो एसटीने गावोगाव फिरवतो. एका मुलाने रंगांच्या जोड्या ओळीने लावल्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागले, पण त्या तारेवरून फाइल पाठवताना वेग पार बसला. तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवर एकाच पिळाच्या दोन तारा, म्हणजे पांढरी-हिरवी आणि हिरवी, यायला हव्यात. त्याच्या तारेत सहाव्या पिनेवर निळी आली होती. त्याने कनेक्टर कापून पुन्हा लावले आणि दोन्ही वेळचे फोटो मला पाठवले. असा दोष कोणत्याही सॉफ्टवेअरवर माझ्या पाहण्यात आलेला नाही.

पदविकेच्या पातळीवर, विशेषतः व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क करणे) आणि राउटिंग शिकवण्यासाठी, मी पॅकेट ट्रेसर निःसंकोच सुचवीन, मात्र सोबत तो डबा हवाच. सध्या तो झरी-जामणीच्या एका मुलीकडे आहे आणि त्यात कनेक्टर सहाच उरले आहेत.