युडेव्ह आणि केमॉड: ड्रायव्हर शोधण्यात तरबेज, अडलं की मुके

लिनक्सवर केबल खोचली की डिव्हाइस बहुतेक वेळा निमूटपणे चालू होतं, कारण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) गरजेनुसार घालता येणारं मॉड्यूल, आपोआप लोड होतो. हे काम करणारी जोडी म्हणजे युडेव्ह आणि केमॉड. युडेव्ह २००३ मधलं, २०१२ पासून सिस्टमडीच्या (लिनक्स बूट करून सर्व्हिसेस सांभाळणारा प्रोग्राम) सोर्समध्ये नांदणारं; केमॉडने जुन्या मॉड्यूल-इनिट-टूल्सची जागा घेतली. ड्रायव्हर शोधण्यात दोघांना पैकीच्या पैकी. घोडं कुठे अडलं हे सांगण्यात मात्र जेमतेम पास.

एफटी२३२आर चिपची सीरियल केबल घ्या. ती लावताच कर्नल तिचे आकडे वाचतो, उत्पादक ०४०३ आणि प्रॉडक्ट ६००१, आणि ते गुंफून मॉडएलियस नावाची ओळ बनवतो. सुरुवात अशी: ‘यूएसबी:व्ही०४०३पी६००१’. नेटलिंकवरून (कर्नलचा बाहेरच्या प्रोग्रामना निरोप देण्याचा मार्ग) ही ओळ युडेव्हकडे येते. तिथला नियम अगदी साधा, मॉडएलियस दिसला की केमॉडच्या हाती द्यायचा. केमॉड तो मॉड्यूल्स.एलियस यादीशी (कोणत्या मॉडएलियसला कोणतं मॉड्यूल) ताडतो, एफटीडीआय_एसआयओ हे नाव मिळतं, मॉड्यूल्स.डेप सांगते की त्याआधी यूएसबीसीरियल हवं. दोन्ही लोड होतात आणि टीटीवाययूएसबी० हा सीरियल पोर्ट हजर.

या याद्या डेपमॉड ही कमांड तयार करते, ड्रायव्हरमध्येच लिहिलेल्या टेबलांवरून. म्हणून बाहेरून आणलेली .केओ (मॉड्यूलची) फाइल मॉड्यूल्सच्या फोल्डरमध्ये नुसती टाकून भागत नाही, ‘डेपमॉड -ए’ चालवावं लागतं. ते टाळून फाइल थेट लोड करणारा इन्समॉड वापरला तर तो डिपेंडन्सी (आधी लागणारी दुसरी मॉड्यूल्स) बघतच नाही. ‘अननोन सिम्बॉल’ पदरात पडतं.

पीसीआयवरचं डिव्हाइस (वायफाय किंवा ग्राफिक्स कार्ड) चालत नसेल तर पहिली कमांड ‘एलएसपीसीआय -एनएनके’. ‘कर्नल मॉड्यूल्स’ ही ओळ आहे पण ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ नाही, म्हणजे ड्रायव्हर ठाऊक आहे, पण डिव्हाइसवर बसलेला नाही. मग डीमेसेज (कर्नलचे संदेश) उघडा. फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) लोड करताना एरर -२ दिसला तर फर्मवेअरची फाइलच जागेवर नाही. वायफाय कार्डांचं हे नेहमीचं दुखणं. नावाने मॉड्यूल लोड करणाऱ्या मॉडप्रोब कमांडने ‘की वॉज रिजेक्टेड’ म्हटलं तर बहुधा सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू आहे आणि मॉड्यूलवरची सही कर्नलला मान्य नाही. एलएसपीसीआयच्या दोन्ही ओळी गायब असतील तर सिसएफएसमधल्या (/सिस फोल्डर, जिथे कर्नल डिव्हाइसची माहिती दाखवतो) त्या डिव्हाइसच्या मॉडएलियस फाइलमधली ओळ ‘मॉडप्रोब -आर’ला द्या (आर कॅपिटल, स्मॉल आर मॉड्यूल काढून टाकतो). उत्तर रिकामं आलं तर या कर्नलच्या यादीत तो आयडी नाही. चिप जुनीच आणि आयडी तेवढा नवा असेल, तर ड्रायव्हर हाताने लोड करून त्याच्या न्यू_आयडी फाइलमध्ये दोन्ही आकडे लिहिले की काम होतं. रीबूटनंतर पुन्हा लिहावे लागतात.

कर्नल अपडेट केला आणि रीबूट राहिला, की काही डिस्ट्रो जुन्या कर्नलचं मॉड्यूल फोल्डर उडवून टाकतात. आधी लोड झालेलं सगळं सुरळीत चालतं, नवा पेनड्राइव्ह मात्र दिसत नाही. ‘यूनेम -आर’चं उत्तर (चालू कर्नलची आवृत्ती) आणि फोल्डरचं नाव जुळतंय का, एवढं पाहिलं तरी अर्धा दिवस वाचतो.

आता खरी नाराजी: ब्लॅकलिस्ट, म्हणजे मॉडप्रोबच्या सेटिंगमध्ये (मॉडप्रोब.डी फोल्डर) मॉड्यूलच्या नावाने लिहायची ओळ. नावावरून वाटतं मॉड्यूलला कायमची बंदी. प्रत्यक्षात ती ओळ फक्त त्या मॉड्यूलचे अंगभूत एलियस दुर्लक्षित करते. दुसऱ्या मॉड्यूलची डिपेंडन्सी म्हणून, किंवा कोणी थेट नावाने मॉडप्रोब केलं तर, ते खुशाल येतं. मागचं दारही लावायचं, समजा नूवो (एनव्हिडिया कार्डांचा मुक्त ड्रायव्हर) थांबवायचा, तर मॉडप्रोब.डीमधल्या फाइलमध्ये ‘इन्स्टॉल नूवो /बिन/फॉल्स’ अशी ओळ हवी. एवढं करूनही नूवो बूटच्या वेळी डोकावलंच, तर दोष इनिटरॅमएफएसचा (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइल सिस्टम): तिच्या पोटात मॉडप्रोब.डीची जुनी प्रत असते. ती नव्याने बनवायला डेबियन-उबुंटूवर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’, फेडोरावर ‘ड्रॅकट -एफ’. ही पायरी हमखास राहते, आणि कोणी आठवणही करून देत नाही.

लोडिंग समांतर चालतं, त्यामुळे आधी कोण आणि नंतर कोण यावर विसंबू नका. क्रम लागणारच असेल तर मॉडप्रोब.डीमध्ये सॉफ्टडेप (आधी कोणतं मॉड्यूल यावं हे सांगणारी) ओळ लिहा. मदरबोर्डवरच्या सुपर आयओ सेन्सर चिपना (तापमान, पंखे मोजणाऱ्या) तर मॉडएलियसच नसतो, तेव्हा एनसीटी६७७५ सारखी नावं मॉड्यूल्स-लोड.डीमध्ये (बूटला लोड करायच्या मॉड्यूल्सची यादी) हातानेच घालायची.

सर्व्हरवर हे सगळं बंदच हवं असेल तर कर्नलच्या मॉड्यूल्स_डिसेबल्ड सेटिंगमध्ये १ लिहा. पण बूट होऊन सगळं जागेवर आल्यावरच: तो आकडा रीबूटशिवाय परत ० होत नाही, आणि एचआयडीचं (कीबोर्ड-माउससाठीचं) मॉड्यूल आधी लोड झालेलं नसेल तर नंतर लावलेला यूएसबी कीबोर्डही चालणार नाही.