पीएलसी: सामायिक पासवर्ड की माणसागणिक खातं?

चाकणचा एक मेंटेनन्सवाला मित्र अडलाय: सीमेन्सच्या एस७-१५०० या पीएलसीला (कारखान्यातली मशीन चालवणारा कंट्रोलर) नुसते पासवर्ड ठेवू, की प्रत्येकाला वेगळा युजर देऊ?

पासवर्डची पद्धत सोपी. पूर्ण अ‍ॅक्सेस, फक्त वाचन, फक्त एचएमआय (ऑपरेटरची स्क्रीन), काहीच नाही, या चार पातळ्या. सेटिंग लगेच उरकतं. पण तिन्ही शिफ्टना पासवर्ड एकच. एका कारखान्यात तो पॅनेलच्या दारामागे मार्करने लिहिलेला मी पाहिलाय. माणूस नोकरी सोडून गेला की पासवर्डही त्याच्यासोबत जातो. बदलायचा तर हार्डवेअर कॉन्फिगरेशन पीएलसीत पुन्हा डाउनलोड करा, म्हणजे सीपीयू (पीएलसीचा मेंदू) स्टॉप आणि लाइन बंद. म्हणून कोणी बदलतच नाही!

युजर पद्धतीला टीआयए पोर्टल (सीमेन्सचं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर) व्ही१९ आणि पीएलसीच्या आतलं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर ३.१ हवं. भूमिका ठरवणं, नावं भरणं, यादी जपणं, मेहनत खरीच जास्त. पण रात्री दोनला टायमर बदलला तर लॉगिन कोणाचं होतं ते शोधता येतं, आणि एकाचं खातं काढलं तरी बाकीच्यांचे पासवर्ड तसेच राहतात.

जुनं फर्मवेअर, एकटी मशीन, दोनच विश्वासू माणसं असतील तर पासवर्ड पुरे, फक्त पॅनेलला कुलूप हवं. बाहेरचे व्हेंडर लॅपटॉप जोडत असतील तर मात्र खातीच करा.