सगळे आकडे बरोबर, तरी गेम सुरू होईना

'डूम: द डार्क एजेस' हा गेम १५ मे २०२५ ला आला. पीसीवर तो खेळायला किमान काय लागतं, याची यादी कंपनीने आधीच जाहीर केली होती: ८ कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ८ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड आणि १०० जीबी जागा असलेली एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारची, एसएसडी. म्हापशातल्या एका दुकानदाराने मला ४६ हजारांना जो पीसी विकला त्यात १२ कोअर होते, ३२ जीबी रॅम होती, ८ जीबीचं कार्ड होतं आणि ५१२ जीबीची एसएसडी होती. यादीपेक्षा कमी काहीच नाही, उलट रॅम तर दुप्पट. गेम मात्र सुरूच झाला नाही, आणि त्या पीसीवर तो कधी होणारही नव्हता.

हे कसं जमवतात ते सविस्तर लिहितोय, कारण चवथ जवळ आली की 'गेमिंग पीसी ऑफर'चे फोटो गोव्यातल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरू लागतात. दुकानाचं नाव लिहीत नाही. प्रकरण अजून मिटलेलं नाही, आणि अशी दुकानं एकाच गावात असतात असंही नाही.

चाळिशी उलटलेल्या माणसाला हे खूळ कुठून, असं घरातही विचारून झालंय. पहिला डूम १९९३ चा. ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅमवर तो चालायचा. डिचोलीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सर जेवायला गेले की आम्ही फ्लॉपीवरून तो चढवायचो. त्याच नावाचा नवा गेम येतोय म्हटल्यावर मी आणि माझ्या भाच्याने अर्धे-अर्धे पैसे घालून पीसी घ्यायचा ठरवला. भाचा फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे. त्याची परीक्षा चालू होती, त्यामुळे दुकानात मी एकटाच गेलो.

जाण्याआधी गेमच्या यादीचा स्क्रीनशॉट दुकानदाराला पाठवला होता. त्याचं उत्तर आलं: 'आय सेव्हन क्लास १२ कोअर, ३२ जीबी रॅम, ८ जीबी आरएक्स ग्राफिक्स, ५१२ एम.२ एसएसडी. सगळं बसता.' खाली अंगठा. या एका ओळीत अख्खी फसवणूक आहे, म्हणून तिचा एकेक शब्द सोलून बघू.

आधी 'आय सेव्हन क्लास'. आय सेव्हन म्हणजे इंटेलचा भारीतला प्रोसेसर. दुकानात मी विचारलं, आय सेव्हनच ना? तर म्हणाला, "पात्रांव, हो आय सेव्हनाचो बापूय! भिवपाची गरज ना." म्हणजे, साहेब, हा आय सेव्हनचा बाप, घाबरायचं कारण नाही. कॅबिनेटवर आय सेव्हनचा स्टिकरही होता. आत निघाला इंटेलचा झिऑन ई५-२६७० व्ही३, म्हणजे २०१४ सालचा सर्व्हरचा प्रोसेसर. मोठ्या कंपन्या जुने सर्व्हर मोडीत काढतात तेव्हा हे प्रोसेसर ढिगाने बाहेर पडतात. चिनी कारखाने त्यांच्यासाठी 'एक्स९९' नावाचे स्वस्त मदरबोर्ड बनवतात, आणि त्यावर सर्व्हरमधूनच काढलेली ईसीसी रॅम बसते. म्हणून तर ३२ जीबी देणं परवडतं. १२ कोअर हे खरंच, पण मूळ वेग २.३ गिगाहर्ट्झ. गेमच्या यादीत ८ कोअरच्या पुढे ३.२ गिगाहर्ट्झ आणि इंटेलची दहावी पिढी किंवा एएमडीचा झेन २ असं लिहिलेलं आहे. ते सोडून दुकानदाराने फक्त कोअर मोजून दाखवले.

'एम.२' हे एसएसडीच्या आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. च्युइंगगमच्या पट्टीएवढी ती एसएसडी साटा या जुन्या, हळू प्रकारचीही असते आणि एनव्हीएमईही असते. टोकाच्या सोनेरी दातांकडे बघायचं. दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा, एकच खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई. माझीला दोन होत्या.

आता 'आरएक्स ग्राफिक्स'. आरएक्स हे एएमडी कंपनीच्या कार्डांचं नाव, कुठलं कार्ड ते पुढच्या आकड्यावरून कळतं. त्याने आरएक्स लिहिलं, पुढचा आकडा लिहिला नाही. काचेतून कार्डावरचं नाव दिसत होतं: आरएक्स ५८०, ८ जीबी. गेमला ८ जीबी हवी, कार्डात ८ जीबी आहे, हिशेब जुळला असं कोणालाही वाटेल. पण जीबी ही कार्डावरची मेमरी. कार्डाची ताकद किती, ते कुठल्या पिढीचं, हे त्या आकड्यावरून कळत नाही. हंडा मोठा आहे म्हणून चूल पेटत नाही. यादीत ८ जीबीच्या जोडीला आणखी एक अट होती आणि खरी मेख तीच: कार्डाच्या चिपमध्येच रे ट्रेसिंगची सोय हवी. उदाहरणादाखल आरटीएक्स २०६० सुपर आणि आरएक्स ६६०० ही नावंही दिली होती.

प्रकाश कुठून येतो, कशावर आपटतो, सावली कुठे पडते हे प्रत्येक क्षणी गणित करून काढणं म्हणजे रे ट्रेसिंग. जुन्या गेम्समध्ये ही चैन होती, सेटिंगमध्ये जाऊन बंद करता यायची. या गेममध्ये सगळा उजेडच त्यावर उभा आहे, बंद करायचं बटणच नाही. आरटीएक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने ही सोय २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेपासून दिली, एएमडीने २०२० च्या आरएक्स ६००० पासून. आरएक्स ५८० आलं २०१७ ला. ११ जीबीचं जीटीएक्स १०८० टीआय हे एके काळचं राजा कार्ड, पण या गेमपुढे तेही बाद. म्हणजे माझ्या कार्डात ८ च्या जागी ८० जीबी असती तरी उपयोग शून्य.

याच्या आतही आणखी एक फसवणूक होती, ती भाच्याने काढली. परीक्षा संपवून आला तो थेट पेनड्राइव्ह घेऊन. आतला प्रोसेसर आणि कार्ड खरं कुठलं ते दाखवणारे सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड हे दोन फुकट प्रोग्राम चालवले. जीपीयू-झेडमध्ये 'शेडर्स'च्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "मामा, हे ५८० पण नाही." शेडर म्हणजे चित्राचं गणित करणारे चिपमधले छोटे भाग. खऱ्या आरएक्स ५८० मध्ये २३०४ शेडर असतात, आमच्यात २०४८ होते. एवढे असतात आरएक्स ५७० मध्ये. २०१८ मध्ये एएमडीने चीनच्या बाजारासाठी '५८० २०४८एसपी' नावाचं कार्ड काढलं. नाव ५८० चं, चिप ५७० च्या मापाची. ती कार्डं आपल्याकडे येतात तेव्हा खोक्यावरचं '२०४८एसपी' गायब असतं.

शिवाय कार्ड वापरलेलं. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूंवर दुकानाचं चांदीचं सील होतं, 'सील तुटल्यास वॉरंटी रद्द'. ही युक्ती मला सगळ्यात धूर्त वाटली, कारण या सीलपायीच गिऱ्हाईक महिनोन् महिने आत डोकावत नाही. भाच्याने मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून सील कापलं आणि कार्ड बाहेर काढलं. धातूच्या पट्टीला गंज, स्क्रूंची डोकी झिजलेली, पंख्यामागच्या पात्यांमध्ये चिकट काळा थर. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे गणितं सोडवून ते कमावणं, ग्राफिक्स कार्डांवर होणं बंद झालं, तेव्हा रात्रंदिवस तापवलेली हजारो कार्डं बाजारात आली. आमचं त्यातलंच होतं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण नवं नव्हतं एवढं आंधळ्यालाही दिसलं असतं. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, हातात घेतला तर खेळण्यासारखा हलका. त्यावर ८० प्लसचा, म्हणजे वीज वाया न घालवण्याच्या प्रमाणपत्राचा, शिक्का नाही, वॅट मात्र छापलेले. आमच्याकडे पावसात लाइटीचा जो खेळ चालतो त्यात हा डबा आधी गेला असता आणि जाताना बाकीचं सोबत घेऊन गेला असता.

दुकानात गेम चालवून दाखवतात, मग कसं फसतो माणूस, असं विचाराल. मलाही दाखवला होता, जीटीए फाइव्ह. पीसीवर तो २०१५ ला आलाय, या कार्डावर झकास चालतो. पंख्यांचे रंगीत दिवे, समोर भन्नाट पळणाऱ्या गाड्या. मी डूमचं नाव काढलं तर म्हणाला, तो १०० जीबीचा आहे, इथलं नेट स्लो, घरी जाऊन टाक. बोलणं पटण्यासारखंच होतं. तुम्हाला जो गेम खेळायचा तोच दुकानात चालला पाहिजे. आधी फोन करून रात्रीत उतरवून ठेवायला सांगा. टाळाटाळ झाली की तिथून निघा.

बिलाचं सांगायला नकोच. 'पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर पडतील.' कच्च्या कागदावर लिहून मिळालं: असेम्बल्ड पीसी, १ नग. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराला २०० रुपयांवरच्या विक्रीचं बिल द्यावंच लागतं, ती गिऱ्हाइकावर केलेली मेहेरबानी नव्हे. यूपीआयचा क्यूआरही दुकानाच्या नावाचा नव्हता, कोणा भलत्याच व्यक्तीचा होता. वॉरंटी? व्हिजिटिंग कार्डाच्या मागे बॉलपेनने '१ वर्ष'.

गेम उघडेना म्हटल्यावर दुकानदाराला फोन केला. तेव्हापासून जे सुरू झालं तो या धंद्याचा दुसरा अंक, आणि त्यात आणखी पैसे जातात. आधी म्हणाला, ड्रायव्हर अपडेट कर. मग म्हणाला, विंडोज खराब झालंय, नवीन टाकतो, ५०० होतील. मग सल्ला आला की गेमची क्रॅक, म्हणजे चोरीची, कॉपी घे, ती चालते. (चिपमध्ये जे नाही ते क्रॅक कुठून आणणार?) शेवटी मुद्द्यावर आला: "आरटीएक्स ३०६० घालून देतो, तुझं कार्ड ३ हजारांत घेतो, वर २२ हजार दे." ज्या कार्डाचे त्याने माझ्याकडून १५ हजार लावले होते ते महिन्याभरात ३ हजारांचं झालं होतं. नवं कोरं आरएक्स ६६०० त्या वेळी वीस हजारांच्या आगेमागे मिळत होतं, आणि डूम त्यावर चालतो. म्हणजे पहिल्याच दिवशी सरळ वस्तू विकली असती तरी त्याचं गिऱ्हाईक तुटलं नसतं.

गेमचे पैसे मात्र परत मिळाले. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान गेम परत घेतं, कारणही फारसं विचारत नाही. पीसी कमी पडतोय असं लक्षात आलं तर मुदत टळू देऊ नका.

दुकानदाराशी फोनवर बोलणं आम्ही मग बंद केलं. जे काही बोलायचं ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून. फोनवर गोड बोलणारा माणूस लिहायची वेळ आली की गप्प होतो, आणि त्याचं गप्प बसणंही नोंदीत राहतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. मग नोटीस पाठवली, वकील न लावता, साध्या मराठीत, पोस्टाने पोच घेऊन: तुम्ही यादी बघून 'सगळं बसता' असं लिहून दिलंत, माल त्या यादीप्रमाणे नाही, पैसे परत करा. सोबत त्या संदेशाचा आणि दोन्ही प्रोग्रामचे स्क्रीनशॉट. पक्कं बिल नसताना हाच संदेश आमचा पुरावा ठरला. तो तोंडी बोलला असता तर आम्ही हात चोळत बसलो असतो. नोटीस पोचल्यावर १८ हजार आले, 'विषय क्लोज करूया' या निरोपासह.

विषय आम्ही क्लोज केलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, आणि ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फीही नाही. भाच्याने मसुदा तयार केलाय. सील कापतानाचा व्हिडिओ, कच्चा कागद, यूपीआयची पावती, व्हिजिटिंग कार्डाची मागची बाजू, सगळं जोडलंय. पीसी तसाच बाजूला ठेवलाय, एकही भाग विकलेला नाही, कारण आता तो पुरावा आहे.

त्या दुकानाची नवी जाहिरात परवा आमच्या आळीच्या ग्रुपवर आली. मजकूर तोच, फक्त ग्राफिक्स आता '१६ जीबी आरएक्स' झालंय. चिनी कारखाने त्याच ५८० वर १६ जीबी मेमरी बसवूनही विकतात. रे ट्रेसिंग त्यातही नाही. मी ग्रुपवरच खाली विचारलं, आरएक्स किती? अजून उत्तर नाही.