सायलेन्सरला जोडलेला दुसरा सायलेन्सर: आठ महिन्यांनंतर

सासवडच्या पुढे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक माळावर आम्ही पुण्याहून चौघे रविवारी रिमोटवरची छोटी मॉडेल विमानं उडवायला जातो. सकाळी वारा पडलेला असतो, म्हणून सातच्या आत पोचतो. गेल्या सप्टेंबरात त्याच्या आईने मला थांबवून सांगितलं, "लेकरा, तुझं इमान घुमाया लागलं की म्हस पान्हा चोरती." ज्यांच्या रानात आपण उडवतो त्यांच्याच घरचं दूध तोडायचं, हे मनाला फार लागलं. ऑक्टोबरात दुसरा सायलेन्सर घेतला.

माझं इंजिन ४६ साइजचं (०.४६ घन इंच), म्हणजे साधारण साडेसात सीसीचं, टू-स्ट्रोक ग्लो: स्पार्कऐवजी तापलेल्या तारेने इंधन पेटवणारं. इंजिनासोबत आलेल्या सायलेन्सरच्या तोंडाला सिलिकॉनच्या नळीने हा अॅल्युमिनियमचा डबा जोडायचा. धुराला पसरायला जागा मिळते आणि दाबाचे ठोके बोथट होतात.

ब्रिटनच्या १९८२ च्या आचारसंहितेत ७ मीटरवर ८२ डेसिबलची मर्यादा आहे, म्हणून मीही ७ मीटरवरच मोजलं. फोनवरचा आकडा अगदी नेमका नसतो, पण फोन तोच, जागा तीच, त्यामुळे फरक कळतो. आधी ९१, डबा लावल्यावर ८८. तडतड गेली, पण कानात घुसणारी किरकिर तशीच राहिली. मी खट्टू झालो.

ती किरकिर धुराची नव्हतीच, पंख्याची होती. १० बाय ६ चा प्रॉप, म्हणजे १० इंच व्यासाचा आणि एका फेरीत ६ इंच पुढे जाणारा पंखा, १३,८०० आरपीएमला फिरताना त्याचं टोक सेकंदाला १८४ मीटर वेगाने जातं, म्हणजे आवाजाच्या निम्म्याहून जास्त वेगाने. ११ बाय ७ लावला, आरपीएम ११,२०० वर आले, टोकाचा वेग १६४ झाला आणि फोनवर ८४ दिसले. चढाई किंचित मंदावली, पण माझ्या ट्रेनरला, म्हणजे शिकाऊंच्या साध्या विमानाला, तेवढी पुरते. प्रॉप बदलायचा नसेल, तर नुसत्या डब्यावर पैसे घालू नका. इंजिनाखाली रबरी माउंट टाकल्यावर आणखी एक डेसिबल गेला. प्लॅस्टिकची फिल्म चढवलेली बाल्साच्या हलक्या लाकडाची बॉडी हलगीसारखी वाजते, ते थोडं थांबलं.

आता त्रास. इंधनाच्या टाकीला दाब जुन्या सायलेन्सरच्या निपलवरून (बारीक तोंडावरून) जातो. पुढे डबा आल्यावर तो दाब वाढला, इंजिन रिच (जादा इंधनावर) चालायला लागलं, म्हणून नीडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू, दोन क्लिक आत घेतली. एप्रिलमध्ये मी आणखी एक क्लिक आत घेतली आणि उन्हात इंजिन तापून हवेतच बंद पडलं. विमान कसंबसं ज्वारीच्या धसकटात उतरवलं. तो क्लिक लगेच परत बाहेर काढला. सिलिकॉनची नळी दर दोन महिन्यांनी क्लॅम्पपाशी चिरते, एक जादा जवळ ठेवा. सायलेन्सरचे बोल्टही ढिले होतात. जोडावर काळं तेल दिसलं की समजायचं. डब्याचं वजन ७० ग्रॅम, त्यासाठी बॅटरी मागे सरकवावी लागली. प्रॉप मोठा झाल्याने जमिनीपासूनचं अंतर अर्धा इंच घटलं, आणि खडकाळ माळावर दोन प्रॉप टोकाला फुटले.

एक फायदा मात्र अनपेक्षित निघाला: धुरातलं तेल आता थेट मागे पडतं, बॉडी पुसायचा वेळ वाचतो.

आजी आता धार काढत असताना आम्ही उडवतो. फेब्रुवारीत त्यांनी आम्हा चौघांना तांब्याभर दूध पाठवलं होतं. पावसाळ्यात विमान घरीच असणार, तेव्हा माउंटची रबरं बदलून ऑक्टोबरात त्याच जागी पुन्हा मोजणार आहे.