गाडीतला ऑटोमॅटिक चेंजओव्हर स्विच: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दसऱ्याच्या सुमारास आम्ही आमच्या कॅम्पर गाडीत ऑटोमॅटिक चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका विजेवरून दुसऱ्या विजेवर आपोआप बदल करणारा स्विच, बसवला. तेव्हापासून ही गाडी सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरापासून मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीच्या पावसापर्यंत फिरली आहे. गाडीत विजेचे दोन मार्ग आहेत: बाहेरून 16 अँपिअरच्या प्लगने घेतलेली 230 व्होल्टची लाईट आणि 12.8 व्होल्ट, 200 अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर. सोबत असलेल्या आईला रात्री नेब्युलायझर लागतो, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ सोयीचा नाही.

आधी ज्या गॅरेजमध्ये वायरिंग केले होते, तेथे हाताने फिरवायचा साधा स्विच बसवून दिला होता आणि तो फक्त फेज बदलत असे. न्यूट्रल दोन्हीकडचा एकच ठेवलेला होता. चिक्कोडीजवळ साडूंच्या मळ्यात गाडीचा प्लग लावला की त्यांच्या घरातील आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लाईट तोडणारा सुरक्षा स्विच, ताबडतोब पडे. साडूंना वाटे, गाडीत कुठेतरी करंट उतरतो आहे. इन्व्हर्टरच्या आत न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलेले असते, त्यामुळे घराकडे परतणाऱ्या करंटचा काही भाग अर्थिंगमधून जाऊ लागतो आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी तो फरक पकडतो, हे कळायला आम्हाला दोन मुक्काम लागले. खरे तर आरसीसीबी आपले काम चोख करत होता. नव्या स्विचमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी बदलतात, आधीची जोडणी सुटल्याशिवाय दुसरी लागत नाही, आणि तेव्हापासून तो आरसीसीबी एकदाही पडलेला नाही. विकत घेताना मी सर्वप्रथम हेच विचारीन.

ऊसपट्ट्यातील व्होल्टेज हा दुसरा प्रश्न. तीन फेज लाईट येताच सगळ्या विहिरींवरचे पंप एकदम सुरू होतात आणि आमच्या मीटरवर आकडा 165 पर्यंत उतरलेला मी पाहिला आहे. अशा वेळी कॉन्टॅक्टर, म्हणजे जोडणी बदलणारा स्विचमधला विद्युतचुंबकी भाग, धड लागत नाही आणि धड सुटतही नाही. त्याची ती कडकड ऐकवत नाही. म्हणून स्विचच्या आधी व्होल्टेज रिले बसवला. तो 190 च्या खालची लाईट आत घेत नाही आणि लाईट परत आल्यावर तीस सेकंद स्थिर राहिली तरच ती जोडतो. ही थांबण्याची सवय मला स्विचच्या वेगापेक्षा मोलाची वाटते. लाईट गेल्यावर नेब्युलायझर क्षणभर अडखळतो आणि इन्व्हर्टरवर पुन्हा सुरू होतो; आईची झोपमोड होत नाही.

चार्जरची जोडणी मात्र स्वतः तपासून घ्यावी. तो स्विचच्या अलीकडे, म्हणजे फक्त बाहेरच्या लाईटवरच असला पाहिजे. नाहीतर इन्व्हर्टर चार्जरला वीज पुरवतो, चार्जर त्याच बॅटरीला, आणि बॅटरी मधल्यामध्ये रिकामी होत जाते.

तक्रारी दोनच आहेत. बाहेरची लाईट असताना कॉन्टॅक्टर सतत गुणगुणतो, म्हणून तो पलंगाखालून काढून मागच्या दाराशी नेला. दुसरी तक्रार गंभीर आहे: जांबोटीच्या पुढच्या खड्ड्यांतून दोन फेऱ्या झाल्यावर डबा उघडला, तेव्हा न्यूट्रलचा स्क्रू अर्धा फेरा सैल झालेला होता आणि त्याच्या भोवतीचे पांढरे प्लॅस्टिक तपकिरी पडले होते. ते टर्मिनल बदलले, वायरच्या टोकांना लग (धातूची टोपणे) दाबून घेतले, आणि आता प्रत्येक लांबच्या फेरीनंतर प्लग काढून, इन्व्हर्टर बंद करून मी सगळे स्क्रू स्वतः आवळतो.