सिंकखालचं गोल भोक: ट्रॉल्या बसवून अकरा महिन्यांनी

पंधरा दिवसांपूर्वी सिंकखालचं सामान उपसलं तेव्हाच हे लिहायचं ठरवलं. वेस्ट पाइप जाण्यासाठी ओट्याखालच्या ट्रॉल्यांच्या बॉक्सला, बाजूच्या फळीत गोल भोक पाडलेलं होतं. त्याच्या कडेवर बोट फिरवलं तर फळी भिजल्या पोह्यासारखी फुगलेली आणि आतलं लॅमिनेट चार इंच खालपर्यंत सुटलेलं. बाकीचा ओटा आजही नव्यासारखा आहे. पण या एका भोकापायी पंधरा दिवस फोनवर भांडले, म्हणून आधी त्याचंच सांगते.

आमचा टू बीएचके नाशिकला, पाथर्डी फाट्याजवळ. एल आकाराचा ओटा, एक बाजू दहा फूट, दुसरी सहा फूट. खाली बिल्डरने दिलेले कडप्प्याचे खण. चौदा वर्षं त्यात डबे ठेवले आणि पुढे पडदे लावले. गेल्या दिवाळीआधी त्या जागी ट्रॉल्या बसवायला तीन कोटेशनं घेतली. गंगापूर रोडच्या शोरूमने २,३५,००० सांगितले, घरी येऊन काम करणाऱ्या सुतारमामांनी मटेरिअल धरून १,४०,००० आणि अंबडच्या एका कारखान्याने १,२२,०००. अंबडचं काम घेतलं. पैसे वाचत होते हे खरंच, पण तिथे फळ्यांच्या कडांना मशीनवर गरम गोंदाने पट्टी बसताना मी स्वतः पाहिली होती. हाताने चिकटवलेली पट्टी दोन पावसाळ्यांत सुटते, हे बहिणीकडे बघितलं होतं.

एका गोष्टीवर घरात वाद झाला. कारखान्याचा माणूस म्हणाला, "ताई, सगळा कडप्पा काढा, नाहीतर बॉक्स मापात बसणार नाहीत." सासूबाई म्हणाल्या, "बाकीचा काढा गं, सिंकखालचा तेवढा राहू दे. दगडाला पाणी काय करणार?" मी त्यांचं ऐकलं नाही. सगळं एकसारखं दिसावं असं वाटत होतं.

आता भांडणाचं. श्रावणात सिंकखालच्या बॉटल ट्रॅपची (वेस्ट पाइपला जोडलेल्या बाटलीसारख्या भागाची) चकती ढिली झाली आणि चार-पाच दिवस थेंब-थेंब पाणी पाइपवरून ओघळत राहिलं. बादली काही भरली नाही, म्हणून लक्षातच आलं नाही. कारखान्याला फोन केला तर उत्तर मिळालं, "पाणी लागून झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही, तुमचा पाइप गळत होता." अहो, सिंकखाली कधीतरी पाइप गळणारच ना! त्यासाठीच तर साधा पार्टिकल बोर्ड नको म्हणून एचडीएचएमआरचे, म्हणजे दमटपणा सोसणाऱ्या घट्ट बोर्डाचे, जास्त पैसे मोजले. पहिले आठ दिवस मी सगळ्यांना हेच सांगत होते, की बोर्डच हलका दिला.

पण हे माझं चुकलं, आणि ते इथे नोंदवायला हवं. त्याच बॉक्सची तळाची फळी मी बाहेर काढून उन्हात धरली. तीही तेच पाणी पीत बसलेली असणार असं वाटलं होतं. तिच्या चारही कडांना पट्टी होती आणि ती ठणठणीत निघाली, कुठेही फूग नाही. फुगलं ते फक्त भोक. कारण ते कारखान्यात पडलेलंच नव्हतं. बसवायला आलेल्या मुलाने आमच्या ओट्यापाशी होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) लावून ते पाडलं, पाइप घातला आणि निघून गेला. कापलेल्या कडेला ना पट्टी, ना पाणी अडवणारं सिलिकॉन. एचडीएचएमआर दमट हवा सोसतो, पण कापलेली कड उघडी राहिली तर तिथून पाणी आत शिरतंच. प्लायचंही तेच. दुकानदार बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यात टिकणारा प्लाय), आयएस ७१० (त्याचं भारतीय मानक) म्हणून प्लाय ७२ तास पाण्यात उकळल्याची गोष्ट सांगतात. ती चाचणी आहे थर जोडणाऱ्या गोंदाची. उघड्या कडेला पाणी लागणार नाही असं ती कुठे म्हणते? दीडशे रुपयांची सिलिकॉनची नळी त्या मुलाच्या पिशवीत असती, तर हे सगळं झालंच नसतं. याचा मला अजून राग आहे.

बाकीचं थोडक्यात. बास्केट घेताना दुकानात चुंबक लावून दाखवतात, चिकटलं नाही म्हणजे सहसा न गंजणारं ३०४ ग्रेडचं स्टील. यावर विसंबू नका. २०२ स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, आणि गंज लवकर येतो तो २०२ लाच. आमच्या पाच बास्केटपैकी भांड्यांच्या ट्रॉलीला सहाव्या महिन्यात तांबूस ठिपके आले, बाकी चार स्वच्छ आहेत. बिलावर ग्रेड लिहून घेतली होती, म्हणून ती विनातक्रार बदलून मिळाली. त्यासाठी कारखान्याला पूर्ण गुण.

बिजागऱ्या सॉफ्ट क्लोज (दार हळूच मिटवणाऱ्या) घेतल्या. तिसऱ्या महिन्यात दोन दारं खाली-वर दिसायला लागली आणि सर्व्हिसवाल्याने नुसत्या येण्याचे ५०० मागितले. तेव्हा सुतारमामांनी फोनवरच सांगितलं, "ताई, बिजागरीवरचेच स्क्रू फिरवा, एकाने दार डावं-उजवं होतं, एकाने आत-बाहेर, एकाने वर-खाली." दहा मिनिटांत मी दोन्ही दारं सरळ केली. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी मीच करते.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे धान्याचा खोल ड्रॉवर. त्यात बाजरी, नागली, तांदूळ मिळून वीस किलो तरी असतं आणि तो सासूबाईंनी एका बोटाने ढकलला तरी बंद होतो. त्यांचे गुडघे दुखतात. कडप्प्याच्या खणात वाकून डबा ओढायचा त्रास गेला, आणि याच्यासाठी मी पुन्हा एवढे पैसे देईन.

शेवटी सिंकखालचं काम सुतारमामांनाच दिलं. त्यांचं कोटेशन नाकारलं होतं, तरी ते आले. कारखान्याने नव्या बॉक्सचे ६,८०० सांगितले होते. मामांनी तो बॉक्स काढूनच टाकला. गच्चीवर ठेवलेला आमचा जुना कडप्पा कापून पुन्हा बसवला, त्याला ॲल्युमिनियमची चौकट लावून जुनंच दार टांगलं. बाहेरून काहीच कळत नाही. एकूण ३,२०० रुपये. सासूबाई शेजारी स्टूल घेऊन बसल्या होत्या. दगड बसला तसा त्यांनी त्यावर तांब्याभर पाणी ओतून बघितलं आणि फडक्याने पुसून घेतलं.

जाता जाता मामांनी टॉर्च लावून बाकीचे बॉक्स पाहिले. गॅसची नळी जाते ते भोक उघडंच होतं, आणि फिल्टरच्या नळीचंही. दोन्हींच्या कडांवर त्यांनी सिलिकॉन फिरवलं. सिलिकॉनची उरलेली अर्धी नळी वरच्या मजल्यावरच्या काकू लगेच मागायला आल्या. त्यांच्याकडे त्याच कारखान्याचं काम तीन महिन्यांपूर्वी झालंय.